पहाटे पाच, देवासोबत

रविवार, ५ जानेवारी
चर्चमध्ये आज पाळकसाहेबांचा उपदेश 'दिवसाचा पहिला तास देवाचा' यावर. कोण तयार आहे, हात वर करा म्हणाले. मी केला. जरा उंचच केला. त्यांनी लगेच माइकवरून माझं नाव घेतलं. म्हणाले, आपले शमुवेल त्रिभुवन चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, मरणाची धावपळ, तरी बघा. सगळ्या मंडळीने वळून पाहिलं.
ठराव : रोज पहाटे पाच ते सहा बायबलचं वचन, मनन, प्रार्थना. दिल्या शब्दाला जागणार.

सोमवार, ६ जानेवारी
मोबाइल उशाशी असला की हात आपोआप जातो आणि गजर बंद होतो. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत, स्टीलच्या पिंपावर ठेवला. पिंपामुळे आवाज घुमतो. पाचला वाजला. मला ऐकू आला, म्हणजे अर्धं काम झालं.
एस्तेरने उठून बंद केला. बायकोला डब्यासाठी साडेपाचला उठायचंच असतं, अर्धा तास इकडेतिकडे. थंडी फार आहे. शरीर हे देवाचं मंदिर, त्याला सर्दी होऊ देणं बरोबर नाही.

बुधवार, ८ जानेवारी
नवी कल्पना. कंपनीच्या बसमध्ये रोज तासभर वाया जातो, तो देवाला द्यायचा. चिखलीच्या स्टॉपवर बसमध्ये बसल्याबसल्या डोळे मिटले. इतकी शांती बऱ्याच दिवसांत लाभली नव्हती.
चाकणला शेजारच्या सीटवरच्या प्रीतमने हलवलं. तोंड उघडं होतं म्हणे. त्याला सांगितलं, मनन चालू होतं.

शुक्रवार, १० जानेवारी
संध्याकाळी घरमालकीण कौशल्याबाईंनी खाली थांबवलं. त्यांच्या मुलाने, शेखरने, दिवाळीत मागचा गोठा बापाला न विचारता पाडला आणि भाड्याच्या खोल्यांचं काम काढलं. तेव्हापासून लक्ष्मणराव आणि शेखर एका घरात राहतात, पण शब्द नाही. शेखर फर्स्ट शिफ्टला बाप उठायच्या आत निघतो. तो परत येतो तेव्हा बाप मारुतीच्या पारावर. ताटं दोन वेळा वाढायची, निरोप इकडून तिकडे न्यायचे, सगळं बाईंवर. म्हणाल्या, तुमच्याकडं पहाटं गजर होतो, तुमी देवाधर्माचे, आमच्यासाठी बी एक शब्द टाका. डोळ्यांत पाणी होतं.
मी म्हणालो, रोज पाच वाजता, तुमचं नाव पहिलं. उपवाससुद्धा करीन असंही तोंडातून निघून गेलं.

शनिवार, ११ जानेवारी
गजर झाला नाही. एस्तेर म्हणते झाला.
उशीर झाल्यामुळे नाश्ता राहिला. तो उपवासात धरला.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. कौशल्याबाई तिळगूळ घेऊन वर आल्या. लक्ष्मणरावांनी सगळ्या गल्लीला दिला, लेकाला नाही. शेखरने आपला आपण ताटलीतून उचलला. तरी बाई म्हणाल्या, फरक पडतोय. गजर झाला की त्या उठतात आणि हात जोडून बसतात. लक्ष्मणरावांचीही झोप मोडते, मग ते चूळ भरून बाहेर ओट्यावर बसतात. शेखर जाताना निदान दिसतो तरी.
ऐकताना घशात तिळगूळ अडकला. ठराव : उद्यापासून नक्की.
उद्या ऑडिट आहे. परवापासून.

रविवार, १९ जानेवारी
पाळकसाहेबांनी विचारलं, कसं चाललंय. म्हणालो, पाचला अख्खं घर उठतं. खोटं नाही. एस्तेर उठते, खालचे दोघं उठतात, बहुमत आहे.
ते इतके हेलावले की दोन फेब्रुवारीला मला सगळ्यांपुढे उभं राहून देवाचा अनुभव सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला सांगितली. विषय : धावपळीत देवासाठी वेळ. तयारीला वेळ लागणार, आणि तो पहाटेच्या तासातूनच काढावा लागणार. देव समजून घेईल.

शुक्रवार, २४ जानेवारी
मोठा दिवस. सकाळी गारठ्याने शेखरची मोटरसायकल सुरू होईना. लक्ष्मणराव ओट्यावर बसलेलेच होते. उठले आणि काही न बोलता मागून धक्का द्यायला लागले. गल्लीच्या टोकाला गाडी सुरू झाली, तेव्हा म्हणाले, "स्वेटर घाल." दिवाळीनंतरचे पहिले शब्द.
संध्याकाळी शेखर त्यांना मागचं बांधकाम दाखवायला घेऊन गेला. लक्ष्मणराव म्हणाले, एक खोली म्हशीला ठेव. त्यावरून मोठं भांडण झालं. पण भांडण म्हणजे बोलणंच की.
कौशल्याबाई हे सांगायला पेढे घेऊन वर आल्या. भिंतीवरच्या क्रूसाला वाकून नमस्कार केला. मी मधेच उभा होतो, त्यामुळे आशीर्वाद दिला. एस्तेर कणीक मळत होती. तिने वर पाहिलं नाही.
प्रार्थनेत केवढी ताकद आहे. हे साक्षीत शेवटी घ्यायचं.

शनिवार, १ फेब्रुवारी
साक्ष तयार. नऊ पानं. आरशासमोर दोनदा म्हटली. दुसऱ्या वेळी माझाच गळा भरून आला.
उद्या कौशल्याबाईही येणार आहेत. एस्तेरने बोलावलंय. मी विचारलं, त्यांना कशाला. ती म्हणाली, साक्ष त्यांच्याच घराची आहे ना.

रविवार, २ फेब्रुवारी, दुपार
साक्ष छान चालली होती. 'रोज पहाटे पाच वाजता मी गुडघे टेकले' इथे महिला मंडळाच्या दोघींनी रुमाल काढले. लक्ष्मणरावांचा धक्का सांगितला तेव्हा तर पाळकसाहेबांनी स्वतः "हालेलुया" म्हटलं, आणि उत्साहाच्या भरात माइक कौशल्याबाईंकडे दिला. म्हणाले, ताई, तुम्हीही दोन शब्द बोला.
बाईंनी पदर नीट घेतला.
"दादा न्हाई उठत," त्या म्हणाल्या. "घोरणं खाली येतं. पण गजर तर वाजतो, कुणीतरी बसाया पायजे, म्हणून मी बसते. ह्यांच्या येशूला दोनच गोष्टी मागितल्या. बापलेकात बोलणं होऊ दे, आन् वरच्या दादांना झोपू दे, लई दमत्यात. दोन्ही दिलं त्यानं."
मागून कोणीतरी हळूच आमेन म्हणालं आणि सगळे हसायला लागले. पाळकसाहेबांना चष्मा काढून पुसावा लागला. एस्तेरने बाईंचा हात धरला आणि उद्यापासून पाचला मीही खाली येते म्हणून सांगितलं. मला कोणी विचारलं नाही.
मला मात्र उभ्या उभ्या सुचलं, की माझी झोप हेच मुळात प्रार्थनेचं उत्तर होतं. साक्षीला याहून चांगला शेवट नाही. तो सांगायला मी माइककडे हात केला. पाळकसाहेबांनी माइक दिला नाही. गीत सुरू केलं.
मी तिथेच पुढे उभा, हातात नऊ पानं, समोर सगळी मंडळी गाता गाता माझ्याकडे बघून हसतेय. डोळे मिटले आणि प्रार्थना केली. मनापासून, महिन्याभरात पहिल्यांदाच : प्रभू, हे गीत लवकर संपू दे.
सहाही कडवी घेतली. शेवटचं दोनदा.