ताटलीतली आजी

२ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुला आजी नावाची एक बाई आहे, याची आठवण राहावी म्हणून हे लिहवून घेते आहे. फोन माझ्या कानाशी नुसता माशीसारखा गुणगुणतो, म्हणून पत्र पाठवायचं तू कबूल केलं होतंस. कबूल करून विसरणं थेट बापाकडून उचललंस.

लिहिते आहे तुझी आई. मी एक वाक्य सांगितलं आणि पेन तीन ओळी चाललं, की तिनं स्वतःचं काहीतरी घुसडलं हे मला कळतं.

ऑपरेशन बरं झालं, खोकल्यातून रक्त पडायचं थांबलं. जुन्या क्षयानं नासलेला फुप्फुसाचा तुकडा काढला, तो मी तुमच्याच प्रयोगशाळेला दिला. डॉक्टरांनी विचारलं, मी अंगठा उठवला. त्यातून काय उगवतं ते कळव.

अजून श्वास घेणारी,
आजी

१९ एप्रिल

ती. आजीस सा. न.

चुकले. कान धरते. आईला म्हणावं, जरा हळू वाच.

तुकड्याच्या कडेच्या चांगल्या पेशी मी बारीक जाळीवर वाढवल्या. वर हवा, खाली गुलाबी पोषक पाणी. छान रुजल्यात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरचे बारीक केस वाऱ्यावरच्या गवतासारखे डुलतात. आता त्यांत क्षयाचे जंतू सोडायचे आणि नवं औषध द्यायचं. जंतू मरतात का आणि पेशी वाचतात का, ते बघायचं. उंदरात हा रोग माणसासारखा वागत नाही, म्हणून हा खटाटोप.

पण आजी, माझा हात धजत नाही. या रोगानं तुझं फुप्फुस खाल्लं, त्याच्या इंजेक्शनांनी कान नेले. तोच मी माझ्या हातानं पुन्हा तुझ्यात सोडू? सरांना सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाकडे सोपव. आईनं तुझ्या पत्राच्या कडेला लिहिलंय, की अंगठा मागे घेता येतो. तेही खरं आहे. तू म्हणशील तसं करते.

तुझी,
टिटवी

२ मे

चि. टिटवीस आशीर्वाद आणि एक टपली.

तुझी आई माझ्या उजव्या कानात ओरडून वाचते, त्यामुळे खालच्या सायकलवाल्यालाही सगळं कळलं. ताटलीतल्या आजींची तब्येत कशी आहे, असं त्यानं जिन्यातून ओरडून विचारलं. ठणठणीत आहे म्हटलं. कडेला लिहिलेलंही उघड झालं. तेव्हापासून तुझी आई तोंड मिटून लिहिते आहे.

अंगठा माझा आहे. उठवला तो उठवला.

तरुणपणी क्षय झाला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. मी खाटेवर, रोज सुई. कानात शिट्ट्या वाजायला लागल्या तेव्हा सांगितलं, तर म्हणाले, बाई, जगायचंय ना? जणू जीव आणि कान दोन्ही मागणं म्हणजे हावरटपणा. जीव घेऊन घरी आले, तुझ्या आजोबांचा आवाज तिथेच राहिला. मला दोन्ही हवं होतं. अजूनही म्हणते, दोन्ही हवं होतं. पुढच्या बाईला दोन्ही मिळू दे. औषध पोळणारं असेल तर आधी ताटलीतल्या मला पोळू दे. ती कण्हत नाही, तिला संसार नाही.

इथे तुझ्या आईचं पेन थांबलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग चाललं.

दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तूच सोड जंतू आणि तूच त्यांना मार खाताना बघ. त्या वेळी मी आडवी होते, या वेळी माझी नात उभी आहे. कोण जिंकलं ते लिही. जंतू जिंकले तरी गोड करून लिहू नकोस. नव्या पेशी वाढव, पुन्हा भिड. मी एवढ्यात संपत नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, काळजी निम्मी कर.

तुझी, दोन्ही ठिकाणची,
आजी

ता. क. तिथल्या मला तू गुलाबी पाणी पाजतेस, आणि इथल्या मला? डॉक्टरांनी मऊच खा सांगितलंय, म्हणून खारे शेंगदाणे पाठव, कडक भाजलेले. दाताखाली ते फुटतात, तेवढा आवाज मला अजून कुणी ओरडल्याशिवाय ऐकू येतो.