हेलियमच्या रकान्यातली खूण

४ जून
वेंकटची बदलीची ऑर्डर आली. ओमान, दोन वर्षं. आम्हा दोघांच्या कंपनीचा परदेशातला पहिला हायड्रोजन प्लांट, आणि पहिल्या तुकडीत माझा धाकटा भाऊ. अम्मानं पायसम करून अख्ख्या गल्लीत वाटलं. "सूर्याच्या विजेनं पाणी फोडायचं, गॅस काढायचा, जहाजानं धाडायचा," हे ती आता माझ्यापेक्षा सोपं सांगते. मी माझी वाटी तशीच झाकून ठेवली. उन्हानं भूक मेली म्हटलं.

उन्हानं नाही.

५ जून
तंजावूरच्या या घरात मराठी बोलतो सगळे, पण आप्पा गेल्यापासून देवनागरी वाचणारं दुसरं कुणी नाही. ऑफिसात तर नाहीच. तेव्हा इथं लिहून टाकते.

मार्चमध्ये ओमानला गेलेल्या, पाणी फोडणाऱ्या युनिटची गळती-चाचणी माझी होती. ती हेलियमनंच करायची. हायड्रोजन इतका बारीक, की नायट्रोजन जिथं अडतो तिथून तो खुशाल निसटतो. हेलियमही तसाच बारीक, पण पेटत नाही. हेलियमचे सिलिंडर आले नव्हते. ट्रक दारात उभा, जहाजाची तारीख ठरलेली. मग नायट्रोजन भरला, सांध्यांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. नटराजन सर (आमचे प्रमुख) म्हणाले, "तिकडे परत करतातच मॅडम, खूण करून टाका."

हेलियमच्या रकान्यात खूण केली. खाली सही. सोळा वर्षांत पहिली खोटी खूण, आणि ती नेमकी या युनिटवर.

९ जून
बॅग भरणं. लोणचं, भातावर घ्यायला डाळीची परुप्पुपोडी, नेसायच्या दोन वेष्ट्या. मी परसातला नारळाच्या हिरांचा खराटा आणून ठेवला. अम्मा किंचाळलीच. "अय्यो! घरातून निघणाऱ्याच्या बॅगेत तुडप्पम? बुद्धी आहे कां तुज?"

समजावायला गेले. हायड्रोजनची ज्वाला उन्हात दिसत नाही, माणूस सरळ तिच्यात चालत जातो. म्हणून जुने टेक्निशियन यंत्रं असली तरी खराटा पुढे धरून चालतात. टोक पेटलं की थांबायचं.

नसतं समजावलं तर बरं झालं असतं. अम्मा खराटा उचलून परसात ठेवून आली, हात धुतले, आणि मग बराच वेळ त्याच त्या वेष्टीच्या घड्या घालत बसली.

१० जून
वेंकट गेला. अम्मा उंबऱ्यापर्यंतच आली. तो पोहोचल्याचा फोन येईतो केर काढू दिला नाही. माणूस वाटेत असताना घर झाडायचं नाही, हा तिचा नेम. पायाखाली वाळू लागत होती.

त्रिचीच्या विमानतळाबाहेर मी त्याच्या बॅगेत खराटा कोंबला. पेपरात गुंडाळून नेला होता. हसला. "अक्का, एवढी इंजिनिअर होऊन हें?" तेव्हा सांगायचं होतं. ओठांवर होतं. "सांभाळून रे," एवढंच निघालं. भित्री कुठली.

१२ जून
कालव्याला पाणी आलं. ऑफिसला जाताना मोपेड थांबवून पाहत उभी राहिले. बांधाला कुठं एक बारीक भोक होतं, तिथून पाणी आपलं आपण वाट काढत होतं. लगेच निघाले. आता सगळीकडे तेच दिसतं.

तिकडे परत चाचणी करतातच. करत असतीलच. कोण असं न तपासता गॅस सोडेल...

१५ जून
वेंकटचा फोन. सहज विचारावं तसं विचारलं, हेलियम टेस्ट झाली का रे?

"इथें नाहीं करत, अक्का. तंजावूरहून होऊन आलेंय ना? कागद पाहिला मीं. तुझी सही आहे. मग इथल्यांस मींच म्हटलें, अक्काची सही म्हणजे डोळे मिटून चला."

डोळे मिटून चला म्हणे.

१६ जून
नटराजन सरांकडे गेले. दार लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, "नायट्रोजनमध्ये दाब टिकला होता ना? मग कशाला भिता?" नंतर आवाज उतरवून, "सही तुमची आहे, मॅडम. माझी कुठंच नाही." खरंच, कुठंच नाही. रात्रभर आठवून पाहिलं होतं मी.

नोकरी जाईल. बहुधा दुसरी कुणी देणारही नाही. याची भीती वाटते हे लिहायला लाज वाटते, पण वाटते.

१७ जून
मेल लिहिली. खोडली. लिहिली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. अम्मानं मिरियाचं रसम दिलं आणि समोर बसून राहिली. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मला वाटतं. माहीत नाही.

१८ जून
सकाळी नऊ वाजता पाठवली. ओमानच्या ऑफिसला, चेन्नईला, सरांना, सगळ्यांना. 'चाचणी हेलियमने झालेली नाही. खूण मी खोटी केली. हेलियम चाचणीशिवाय युनिट सुरू करू नये.' तीनच वाक्यं, आणि त्यांना तीन महिने लागले.

सरांनी दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. ओमानहून फक्त पोच: मेल मिळाली.

१९ जून
ओमानवाल्यांनी युनिट सुरू करायची तारीख हलवली नाही. उद्या तिथले दहा, म्हणजे आपले साडेअकरा. परदेशी पाहुणे येणार आहेत. कमी दाबानं सुरू करू, लक्ष ठेवू, असं ठरलंय म्हणे.

संध्याकाळी वेंकटला सांगितलं. सगळं. त्यानं विचारलं, "विमानतळावर कां नाहीं सांगितलेंस?"



उद्या जाऊ नकोस, म्हटलं. ताप आला सांग. तो म्हणाला, "मीं नाहीं गेलों तर सांध्यांपाशीं दुसरा कोणी जाईल, अक्का. त्यास अक्का नाहीं." आणि मग, "तुडप्पम आहे ना. तोच पुढें धरून फिरतों."

मागं वळले तर स्वयंपाकघराच्या दारात अम्मा उभी. किती ऐकलं कोण जाणे. आत गेली.

२० जून
रजा काढली. काढली काय, येऊ नका असाच निरोप होता.

साडेअकरा झाले. बारा. वेंकटचा फोन बंद, प्लांटमध्ये आत नेऊ देत नाहीत हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून आठ वेळा लावला. ओमानचं ऑफिस उचलत नाही. एक वाजला.

पायाखाली वाळू लागली. पाहिलं तर अंगणातली पानं तशीच, पडवीत कालची धूळ. अम्माला म्हटलं, आज केर काढला नाहीस?

"तो पोहोचूं दे."

"अम्मा, पोहोचून दहा दिवस झाले त्याला."

ती भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज पुन्हां वाटेला लागलाय ना, तुडप्पम पुढें धरून."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. दीड वाजतोय.