क्लोव्हरच्या रानाचं फाटक

टॅरन बे, टास्मानिया
मंगळवार

प्रिय नेव्हिल,

अक्षर मोठं काढतेय, कारण तू चष्मा शोधायचा कंटाळा करणार. आपला लोण्याचा कारखाना आता कॉफीचं दुकान झालाय. साडेदहाचा भोंगा नाही, त्यामुळे माझा चहा राहूनच जातो. बोटीचा धक्का वादळात वाहून गेला. गायीही विकल्या. शेवटची काही केल्या ट्रकमध्ये चढेना, तुझ्यासारखीच हट्टी. मी दोर सोडून खाली बसले आणि रडले.

खरं तर गायींबद्दलच लिहायचंय. त्या सकाळी दूध काढून झाल्यावर तू कळप समुद्राकडच्या रानात सोडलास आणि क्लोव्हरच्या रानाचं फाटक लावलंस. दहाला ते सताड उघडं सापडलं. ओलं क्लोव्हरचं गवत खाऊन गायींची पोटं फुगली, दुपारपर्यंत अकरा मेल्या. ‘साधं फाटक लावता येत नाही, शेती काय करणार, कप्पाळ!’ बाबा सगळ्यांदेखत बोलले. फाटक उघडं टाकणाऱ्याला आपल्याकडे कोण दारात उभं करतं? शनिवारच्या बोटीने तू गेलास, तो गेलासच. एकेचाळीस वर्षं झाली.

नेव्हिल, ते फाटक मी उघडं टाकलं होतं. कारखान्यातला रॉय किनाऱ्यावर थांबला होता, मी त्या रानातून धावत सुटले होते. आधी घाबरून गप्प बसले, मग लाजेने. त्या मेल्याने लग्नही दुसरीशीच केलं.

बाबा अंथरुणाला खिळल्यापासून रोज विचारायचे, ‘नेव्हिलचं पत्र आलं का गं?’ परवा मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘ठाऊक होतं, पोरी. तुझा पिवळा स्कार्फ फाटकाच्या तारेला अडकलेला, मीच काढला. वाटलं, पोरगा आहे, चार शिव्या पचवेल. तुझं नाव गावभर नको व्हायला. म्हटलं, येईल महिन्याभरात परत.’

काल सकाळी बाबा गेले. त्यांना घालायला चर्चचा कोट काढला, तर खिशात तो स्कार्फ होता, नीट घडी घातलेला. तुझा पत्ता तेवढा आहे, फोन नंबर तू कधी दिलाच नाहीस, म्हणून हे पत्र. पुढच्या गुरुवारी त्यांना पुरायचंय. शवपेटी उचलताना पुढची उजवी बाजू मुलाची, ती मी कुणाला दिलेली नाही. नंतर हॉलमध्ये बायका चहा ओतायला घेतील, त्याआधी मी उभी राहून फाटकाचं सगळ्यांना सांगणार आहे. तू नसलास तरी सांगेन. पण तू ऐकायला असावंस रे.

तुझीच अपराधी बहीण,
मर्ल