गाडीवर दिलेलं पाकीट

बाबा,

तुमच्या एसटीवरचे जुने ड्रायव्हर गेल्या महिन्यात मला गाडीत भेटले. मुरबाडहून किन्हवलीवरून शहापूरला येणारी सकाळची गाडी, तुमचीच. मी आमच्या फाट्यावर चढले, मागे जागा मिळाली, आणि शेजारचा म्हातारा टक लावून बघायला लागला. "तू आमच्या मास्तरची पोरगी ना गो?" म्हणाले. कंडक्टरला मास्तर म्हणणारी माणसं आता फारशी उरली नाहीत, त्यामुळे मला आधी कळलंच नाही, कोणता मास्तर. मग हसले ते, आणि समोरचा पडलेला दात बघून ओळख पटली. शहापूर येईपर्यंत ते बोलत राहिले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, बाबा, आणि मला आत्ता तुमच्याशी भांडायचंय. समोर असतात तर भांडले नसते, हे तुम्हालाही माहीत आहे.

माझं रोजचं येणं-जाणं तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्या मागे सुरू झालं ते. फाट्यावरून गाडीने शहापूर, तिथून शेअर रिक्षाने आसनगाव स्टेशन, आणि मग लोकल. पण मुंबईकडची नव्हे. सगळी दुनिया सकाळी खाली जाते आणि मी उलटी, कसाऱ्याकडे. डब्यात आम्ही आठ-दहा बाया असतो, पाय वर घेऊन बसतो, कोणी भाजी निवडते. आटगावला तानशाकडच्या दोघी चढतात, त्यांच्या टोपल्यांनी दरवाजा अडतो, मग थोडी बाचाबाची होते आणि खर्डी येईस्तोवर सगळ्या एकमेकींच्या सुनांना नावं ठेवत असतात. खर्डीला मी उतरते. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात मी आया आहे. लादी पुसायची, भांडी उचलायची, बाळंतिणीला कूस बदलायला मदत करायची. माझ्या लेकीच्या वयाच्या सिस्टर मला "मावशी, जरा लवकर" म्हणतात. परवा एका म्हातारीच्या हाताला तीनदा सुई टोचली तरी शीर सापडेना. मला दिसत होती ती शीर, बाबा, स्पष्ट दिसत होती. पण मावशीने बोलायचं नसतं. मी बादली उचलली आणि बाहेर आले.

तुमची गाडी मला लहानपणापासून पाठ आहे. तिकिटाच्या पेटीचा तो खटका, पंचची टिकटिक, घंटीच्या दोरीला लागलेलं काळं तेल. पण लोकांना तुम्ही आठवता ते तिकिटांसाठी नाही. लोक तुमच्या गाडीवर वस्तू द्यायचे. मुरबाडहून कोणी भावाला औषध पाठवायचा, किन्हवलीची बाई शहापूरला शिकणाऱ्या लेकाचा डबा द्यायची, कोणी बियाणं, कोणी शिवायला टाकलेला ब्लाउज. चिठ्ठी नाही, पावती नाही. नुसतं म्हणायचं, "मास्तर, नाक्यावर पानवाल्याकडे द्या." आणि ते पोचायचं. डोळखांबच्या एका म्हाताऱ्याने एकदा जिवंत कोंबडी पाय बांधून दिली होती, ती तुम्ही बाकाखाली ठेवून नेलीत आणि पोचवलीत, ड्रायव्हर दिवसभर तुमची खेचत होते. "आमच्या गाडीवर दिलेली चीज हरवत नाय," असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात, आणि तुमची छाती फुगायची. आईला त्याचा राग यायचा. "गावाची हमाली करतो आन घरचं सांगितलं का नाय आठवत," ती पुटपुटायची. तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करायचात. आता गाडीवर कोणी काही देत नाही. मागे एकदा मी तरण्या कंडक्टरला लेकीचा चष्मा द्यायला गेले, तर म्हणाला, "नको मावशी, जबाबदारी कोन घेनार?" मला त्याचा राग आला नाही. खरं सांगते, बरंच वाटलं.

बारावी झाली त्या वर्षी मी नर्सिंगचा फॉर्म भरला. सात गावांत कोणा मुलीने भरला नव्हता. शहापूरच्या ऑफिसात शनिवारी दुपारी बारापर्यंत तो द्यायचा होता. मी शुक्रवारी सकाळीच निघणार होते, वेणी घातली होती, चप्पल पुसून ठेवली होती. तुम्ही दुपारच्या ड्युटीला जाणार होतात. म्हणालात, "मी असताना तू कशाला जातेस? मास्तरची पोर कागद घेऊन ऑफिसाच्या दारात उभी राहनार? दे इकडे. आजच देतो." मी ते खाकी पाकीट तुमच्या हातात दिलं. मार्कशीट आत, फोटो आत. तुम्ही ते सदऱ्याच्या आत सरकवलंत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत, आई म्हणाली, "पोरीचा कागद दिला ना?" आणि तुम्ही म्हणालात, "दिला."

मग मी पोस्टमनची वाट बघत बसले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. काही आलं नाही. उन्हाळ्यात स्थळ आलं, याच रस्त्यावरचं, तीन थांबे पुढचं. मी म्हटलं, एकदा अजून फॉर्म भरते. तुम्ही म्हणालात, "एकदा भरला ना? नाय लागला नंबर. सगळ्यांचाच लागतो काय?" ते वाक्य मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपले, बाबा. मला वाटायचं, मी कमी पडले. मार्क कमी पडले. लेकीचा अभ्यास घेताना मी तिची वही पुन्हा पुन्हा तपासायचे, कारण मनात असायचं, ही पण माझ्यासारखी मठ्ठ निघाली तर?

आता ड्रायव्हर काय म्हणाले ते ऐका. त्या शुक्रवारचा किस्सा तर साऱ्या रस्त्याला माहीत आहे. एका पाड्याजवळ एक अडलेली बाई बाजेवर घालून आणली होती, आणणारे रस्त्यापर्यंतच, पुढे बरोबर फक्त तिची म्हातारी सासू. तुम्ही तिला गाडीत घेतलंत, मागचा लांब बाक रिकामा केलात, आणि ड्रायव्हरला म्हणालात, "आता शहापूरशिवाय कुठं थांबायचं नाय." गाडी सरळ सरकारी दवाखान्याच्या दारात. नवरा वीटभट्टीवर, सासूला लिहिता येईना, म्हणून तुम्हीच कागदावर सही केलीत, बाळ रडेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिलात. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला ती बाई आली होती, माझ्यापेक्षा जास्त रडली. सगळ्यांनी हाच किस्सा सांगितला. मीही मान डोलावत बसले होते. तो दिवस माझ्या फॉर्मचा दिवस होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

ड्रायव्हर म्हणाले, "दवाखान्यातून निघालो तवा साडेपाच वाजून गेलते. हापिसाला कुलूप. मास्तरनं छातीवर हात लावला, तर पाकीट तिथंच. म्हनला, उद्या सकाळी देतो, काय बिघडत नाय." पण शनिवारी मुरबाडच्या डेपोत तुम्हाला कल्याणची गाडी लागली. किन्हवलीची नाही, शहापूरची नाही. ड्रायव्हर तुम्हाला म्हणाले होते, "कोनाच्या हाती पाकीट घरी धाड. नऊची गाडी हाय, पोरगी सोता घेऊन जाईल." आणि तुम्ही म्हणालात, "काल दिला म्हनून सांगून बसलोय. आता पोरीला काय तोंड दाखवू?" आणि माझं पाकीट छातीशी घेऊन तुम्ही कल्याणला गेलात. ड्रायव्हर हे सांगताना हसत होते हो! त्यांना वाटलं, मला ठाऊकच असेल, घरात बोलणं झालंच असेल. "लई मानी मानूस," म्हणाले.

मानी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या बाईला वाचवलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही गाडी सरळ दवाखान्यातच नेली असती. बाळंतिणीच्या ओरडण्यापुढे एक फॉर्म म्हणजे काय? पण घरी येऊन एवढंच म्हणायचं होतं, "पोरी, राहिला. उद्या तू जा." मी एका पायावर गेले असते, गाडी नसती तर चालत गेले असते. कोंबडी पोचवायला तुम्हाला लाज वाटली नाही आणि एक पाकीट राहिलं हे सांगायची वाटली. आणि मग वर "नाय लागला नंबर"! ते कसं म्हणवलं तुमच्याने? जेवताना माझ्या ताटाकडे बघत होतात ना तुम्ही ते बोलताना? मला आठवतं, बघत नव्हतात. भिंतीकडे बघत होतात.

महिनाभर हे डोक्यात घेऊन फिरतेय. गाडीत, रिक्षात, आटगावच्या बायांच्या कलकलाटात. काल एक सिस्टर म्हणाली, "मावशी, कोणाशी बोलताय?" आज रजा टाकली आणि लेकीच्या जुन्या वहीत हे लिहायला बसले. वाचणार कोणी नाही, कुठे टाकायचं नाही, वही परत कपाटात जाईल. म्हणूनच आता शेवटचं लिहिते, जे ड्रायव्हरलाही माहीत नाही, आईलाही कधी कळलं नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही पाय धूत होतात तेव्हा तुमचा सदरा खुंटीला लावायला मीच घेतला होता. पाकीट आत होतं. माझ्याच अक्षरातलं नाव मी वाचलं. मग तुम्ही आत आलात, आईला "दिला" म्हणालात, आणि मी सदऱ्यावरून हात फिरवून तो नीट टांगला. मला वाटलं, सकाळी देतील. मला वाटलं, आता बोलले तर बाबा आईसमोर खोटे पडतील. सकाळी नऊची गाडी गेली तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते, आणि मी मान वर केली नाही.