भोंगा आणि नळ

६ मार्च १९६७, सोमवार

जेवताना पुन्हा तोच वाद! हे ठेकेदाराकडे टाइमकीपर. सातचा भोंगा झाला की फाटक बंद, मागून येणाऱ्याचा अर्धा खाडा. म्हणाले, "ती नवसी आज परत उशिरा. ही माणसं गरीब का? वेळेची किंमत नाही! आपण नाही नगरहून रिकाम्या हातांनी आलो?" मीही मान डोलावली. नवसीची रखमा माझ्या वर्गात – मजुरांच्या पोरांची सकाळची शाळा, पत्र्याच्या खोलीतली. पोरगी इतकी हुशार आणि आई अशी! चीड आली.

७ मार्च

नवसीला गाठून चांगलं सुनावलं. लवकर उठत जा, आळस बरा नव्हे. ती हसली!

"बाई, कोंबड्याआदी उठते. उठून काय करू? झोपड्यांच्या नळाला पानी नाय. पानी येतं तवाच भोंगा होतो. हंडा नाय भरला तर पोरांनी दिसभर प्यायचं काय?"

मी म्हटलं, रांगेत दुसरं कुणी?

"रखमाच हाय. तिला उभी केली तर शाळा बुडंल. त्यापरीस माजा खाडा जाऊ दे."

घरी येऊन यांना सांगितलं. "बहाणे," म्हणाले.

९ मार्च

पाणी सोडतो तो पंपावरचा विश्राम. त्याला विचारलं, खालचा नळ एवढा उशिरा का? मला वेड लागल्यासारखा बघत राहिला.

"आदी तुमच्या वसाहतीच्या टाक्या भरायच्या, मंग खाली सोडायचं. तसा हुकूमच हाय."

आमच्या टाक्या! मी घंगाळभर ऊन पाण्याने न्हात असते तेव्हा ती रिकामा हंडा घेऊन उभी. आणि वर मीच तिला शहाणपण शिकवून आले. लाज वाटली, फार लाज वाटली.

१० मार्च

"पाणी मी सोडतो का? मी वेळ बघतो," हे म्हणाले. मग मीच शेजारी इंदुबाईंकडे गेले. म्हटलं, सगळ्या मिळून साहेबांना सांगू, आधी खाली सोडा. तर म्हणे, "मग आपलं धुणं दुपारी? तुला बरं समाजकार्य सुचतंय!" इंदुबाई वाईट नाहीत हो. माझं बाळंतपण त्यांनीच काढलं. वाईट कुणीच नाही, आणि पाणी मात्र तसंच.

१३ मार्च

मुकादमाने नवसीला आणि उशिरा येणाऱ्या सगळ्या बायांना बजावलं – आता एक जरी उशीर झाला तर काम बंद. नावं यांनीच दिली! मी यांच्याशी कडाक्याचं भांडले. जेवलेच नाही.

१५ मार्च

शाळेचे पत्रे बदलताहेत, दोन दिवस सुट्टी. नवसी काल वेळेवर, आजही! बाकीच्या बायाही. हे खुशीत. "बघ, मनात आणलं की होतं! जरा दट्ट्या लागतो." यांचंच बरोबर असेल का? खोटं कशाला लिहू, मलाही हायसं वाटलं. तिचं काम तरी वाचलं. संध्याकाळी शिरा केला.

१६ मार्च

शाळा उघडली. वर्गात एकही मुलगी नाही.

खाली नळावर गेले. सगळ्या रांगेत उभ्या. रखमा पुढेच होती, कडेवर भाऊ. मला बघून लाजली.

"आयेला आता उशीर नाय व्हत, बाई."