फिनलंडला जाण्यापूर्वी

६ जानेवारी, सकाळ

दारातला बर्फ उपसून आत येतोय तोच एस्कोचा फोन. फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालंय म्हणाला, डॉक्टर म्हणतायत वसंत ऋतूपर्यंत, बघू. मग म्हणाला, ताउनो, आता तरी ये. तळ्याकाठी वाफेची सौना बांधून वीस वर्षं झाली, वरच्या बाकावर तुझी जागा अजून कोरीच आहे. एकदा दोघं शेजारी बसून घाम गाळू, मग मी सुटलो.

एस्को माझा थोरला भाऊ. पंचविशीत इथून, कॅनडातल्या थंडर बेहून, फिनलंडला परत गेला तो तिथलाच झाला. दर वर्षी बोलावतो. दर वर्षी माझी तयारी चालू असते.

या खेपेला नक्की. मार्चच्या आत तिकडे. ठरलं म्हणजे ठरलं.

प्रवासाचं म्हणाल तर मी काही नवखा नाही. म्हणजे केलेला नाही, पण या गावातून फिनलंडला जाणारा प्रत्येक जण आधी माझा सल्ला ऐकून जातो. फिनिश हॉलमध्ये कॉफीच्या काउंटरशेजारी माझा कागद लावलेला आहे: ‘फिनलंडला जाण्यापूर्वी: उपयुक्त माहिती’. हवामान, कपडे, प्लग, पाणी, टिप, सगळं कलमवार. माहिती असायला तिथे जावंच लागतं असं थोडंच आहे? डॉक्टरला कुठे सगळे रोग झालेले असतात!

७ जानेवारी

बॅग भरली. अॅडॅप्टर दोन, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, शिट्टी, मनी बेल्ट, मानेची उशी, कॉफीचे सहा डबे. वडील सांगायचे, तिकडे कॉफी औषधाला मिळत नाही. ते १९५१ साली निघाले, पण देश एवढ्यात काय बदलणार?

बॅग दाराशी ठेवली. एस्कोला कळवलं, तयारी पूर्ण, फक्त पासपोर्ट राहिलाय.

१० जानेवारी

पासपोर्टचा फॉर्म वाचला. आयुष्यातला पहिलाच. हमीदार लागतो एक. निदान दोन वर्षं ओळखणारा हवा आणि त्याच्याकडे स्वतःचा पासपोर्ट हवा. त्याने फोटोच्या मागे लिहून द्यायचं की हा तोच माणूस. मला हसूच आलं. मला न ओळखणारा माणूस दाखवा या गावात! प्रश्न एवढाच की हा मान कोणाला द्यायचा. उरलेल्यांना वाईट वाटणार.

१५ जानेवारी

मान ग्लेन माकीला दिला. हॉलमध्ये पॅनकेक खात बसला होता. मान वर न करता म्हणाला, तुझ्या कागदापायी मी आणि बायको ऐन जूनमध्ये लोकरीची बनियनं घालून हेलसिंकीत फिरलो. मिडसमरला अख्खं गाव बंद, बिस्किटं खाऊन दिवस काढले. सणाला दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, हे तुझंच ना? मी म्हटलं, इथे असतात. तो म्हणाला, आणि ती कॉफी! कस्टमवाला पोट धरून हसला रे आम्हाला. सहीचं काढलं तर म्हणे पासपोर्ट सापडत नाहीये.

मी मनाला लावून घेतलं नाही. करायला जावं भलं, तर हे असं. पासपोर्ट नेहमी जागेवर ठेवावा हे माझ्या कागदात कलम चारमध्ये आहे.

कागद मात्र भिंतीवर नव्हता. कोणीतरी घरी नेला असणार. एवढी मागणी असेल असं वाटलं नव्हतं. उद्या पाच प्रती काढीन.

२१ जानेवारी

फोटो काढला. हसायचं नाही असा नियम. स्टुडिओतली पोरगी म्हणाली, काका, पहिल्याच फटक्यात जमलं, लोकांचे चार-चार काढावे लागतात. काहींच्या अंगात शिस्त उपजतच असते.

२८ जानेवारी

पाद्रीसाहेबांना विचारलं. त्यांना येऊन आठ महिने झालेत. म्हणाले, दोन वर्षं पुरी होऊ द्या, आनंदाने करीन. आधीचे पाद्री असते तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या प्रवचनातलं फिनिश मी भर चर्चमध्ये सुधारून द्यायचो, फार मोकळा संबंध. ते बदली मागून गेले.

हॉलच्या खजिनदाराचा हात दुखतो. दाताचा डॉक्टर म्हणाला, आपण कोण? लिंडा कॅलगरीला आहे, पासपोर्टही आहे तिच्याकडे. घटस्फोटित बायको चालते का, ते फॉर्ममध्ये शोधलं नाही. ती मला ओळखते, पण नको तितकं.

हॉलमध्ये माझ्या कागदाची एक प्रत दिसली. कोपऱ्यातलं टेबल डुगडुगतं, त्याच्या पायाखाली घडी करून घातली होती. असो, उपयोग होतोय.

४ फेब्रुवारी

मार्केट्टाचा फोन. एस्कोची मुलगी. म्हणाली, काका, बाबांना आता जिना चढवत नाही, पलंग खाली आणलाय. कधी येताय? मी तिला समजावून सांगितलं की तिकडे करंट दोनशे तीसचा, इकडे एकशे दहाचा, तेव्हा माझ्या दाढीच्या मशीनला नुसता अॅडॅप्टर पुरेल की नाही ते आधी पाहावं लागेल. ती म्हणाली, काका, दाढी नका करू, पण या. बाबा सारखे दाराकडे बघतात.

पोरगी बापावर गेलीय. तपशिलाची आवड नावाला नाही.

शिट्टी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हलवली. वेळेला हाताशी हवी.

१२ फेब्रुवारी

पासपोर्ट ऑफिसात जाऊन आलो. खिडकीतली बाई स्वभावाने बरी. म्हणाली, हमीदार मिळत नसेल तर त्याचीही सोय आहे हो. सही देण्यासारखं ओळखीचं कोणी नाही असं शपथेवर लिहून द्यायचं, वेगळा फॉर्म असतो, देऊ का?

मला!

म्हटलं, बाई, ही सोय ज्यांचं कोणी नाही अशांसाठी. माझी पन्नास माणसं आहेत बाहेर. ती म्हणाली, मग त्यातला एक आत पाठवा ना.

फॉर्म तिथेच ठेवून आलो. शपथेवर खोटं कोण लिहून देईल?

२० फेब्रुवारी

राहता राहिली शेजारीण, लॉरेट बुशे. तीसेक वर्षांचा शेजार. दर नाताळात बहिणीबरोबर क्युबाला जाते, म्हणजे पासपोर्ट आहे. पण आमचं बोलणं नाही. तिचा नवरा गास्टॉन गेला, आणि बर्फावर बसून मासे धरायची त्याची लाकडी खोपटी ही बाई वर्षभर अंगणात तशीच ठेवून होती. रोज सकाळी कॉफी घेऊन आत जाऊन बसायची. मी नगरपालिकेला कळवलं. नियम म्हणजे नियम. ते येऊन उचलून घेऊन गेले. तेव्हापासून माझ्या बाजूच्या खिडकीचा पडदा ती लावूनच ठेवते. ऊन येत असेल.

आधी मी बोलणार नाही. मी कुठे चुकलोय? तिने विषय काढावा म्हणून तिच्या दारातला बर्फ उपसून दिला. शहाण्याला शब्दांचा मार.

२६ फेब्रुवारी

पुन्हा बर्फ. पुन्हा उपसला. तिने पडदा सारून पाहिलं आणि परत लावला. प्रगती आहे.

एस्कोसाठी मार्केट्टाकडे निरोप ठेवला की काम शेवटच्या टप्प्यात आहे.

४ मार्च

सकाळी मार्केट्टा. एस्को जेवत नाही. पातळ काही दिलं तरच घेतो.

गेलो शेवटी. लॉरेटने दार उघडलं, आत वाटाण्याचं सूप शिजत होतं. म्हणाली, माझा बर्फ का उपसतोयस रे सारखा? मला वाटलं म्हातारा भ्रमला. मी सगळं सांगितलं. एस्कोचं सांगताना दोनदा थांबावं लागलं, सुपाची वाफ फार होती. ती चष्मा घेऊन बसली. फोटो लांब धरून पाहिला. म्हणाली, हाच तो, हेच तोंड मी कुंपणावरून बघत आलेय. आणि केली सही. मग पेन आपटून म्हणाली, अरे मुडद्या, तिकडे भाऊ मरायला टेकलाय आणि तू मी कधी बोलते याची वाट बघत बसलास? जानेवारीत आला असतास तर जानेवारीत केली असती की!

खोपटीचं तिने काढलंच नाही. मीही नाही. सूप वाढलं. मीठ कमी होतं, ते मी लक्षात आणून दिलं.

६ मार्च

अर्ज पोस्टात टाकला. टाकण्याआधी लॉरेटने सहीपाशी घातलेली तारीख मी नीट केली, तिने दिवस आणि महिना उलटसुलट लिहिला होता. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

खिडकीतली बाई म्हणाली होती, तिकीट दाखवलंत तर पासपोर्ट लवकर मिळेल. पण तिकिटांचा सेल एप्रिलमध्ये लागतो. घाईत तिकीट घेऊ नये, कलम एक.

२१ मार्च

अर्ज परत. हमीदाराच्या मजकुरात खाडाखोड चालत नाही म्हणे. नीट करण्याला हे लोक खाडाखोड म्हणतात!

लॉरेटने कपाळावर हात मारून घेतला. फॉर्म पुन्हा भरला, दुसऱ्या फोटोवर पुन्हा लिहून दिलं, कोट चढवला आणि म्हणाली, ऊठ, गाडीत बस, मीच येते ऑफिसात. आणि तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. वाटेत म्हणाली, आजच तिकीट काढ ना मेल्या, काय वाचवून वर घेऊन जाणार आहेस? मी तिला सेलचं सांगितलं. तिने रेडिओ मोठा केला.

खिडकीपाशी मी तोंड उघडलं नाही. बाई म्हणाली, नऊ एप्रिलला घरपोच. मार्च हुकला, पण सौनाला एप्रिलच चांगला. तळ्यावरचा बर्फ सुटत आलेला असतो.

२९ मार्च

एस्को स्वतः फोनवर. आवाज आधी ओळखूच आला नाही. म्हणाला, मी दर मिडसमरला बर्चच्या कोवळ्या फांद्यांच्या दोन जुड्या बांधतो, सौनात अंगावर मारायला. एक माझी, एक तुझी. तुझी आहे अजून फ्रीझरमध्ये.

मी म्हटलं, तीन थर कपडे आणतोय, आतला सुती नको कारण... तो म्हणाला, ताउन्या, गप्प बस रे जरा. बस नुसता माझ्याजवळ.

बसलो. तो बोलला नाही, मीही नाही. तिकडे घड्याळ टिकटिकत होतं आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी एका पलंगावर झोपायचो तेव्हा यायचा तसाच. बऱ्याच वेळाने मार्केट्टाने फोन ठेवला.

मिनिटाला काय रेट पडतो ते बघायचं राहिलं.

२ एप्रिल

एस्को गेला.

बॅग दारातून हलवली. जाता-येता पाय अडखळत होता.

३ एप्रिल

मार्केट्टाने विचारलं, काका, शनिवारी मातीला पोचाल का? म्हटलं, पासपोर्ट नऊला आहे. ती म्हणाली, बरं. आणि तुमच्या जुडीचं काय करू? फ्रीझर रिकामा करायला घेतलाय.

म्हटलं, राहू दे. मी येतोय. सगळी तयारी झालीय.

शनिवार, पहाटे

तिकडे दुपार, मातीची वेळ. इकडे तळघरातली सौना तापवली. वरच्या बाकावर एका कडेला बसलो, दुसरी कडा सोडून. तशी सवय असलेली बरी. तापमान टिपून घ्यायचं होतं, पण आकडे दिसेनात. घाम डोळ्यांत गेला. घाम डोळ्यांत फार झोंबतो आणि बराच वेळ थांबत नाही. हे कागदात घालायला हवं.

बाहेर आलो तर दाराशी डबा. लॉरेटने गुलाबी आयसिंगचे पर्शियन बन ठेवले होते, बेकरीतले, अजून गरम. वर चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

९ एप्रिल

पासपोर्ट आला. सांगितल्या दिवशी. तक्रारीला जागाच ठेवली नाही या लोकांनी. दहा वर्षं चालेल.

आत एका पानावर जागा असते. परदेशात आपलं काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, ते लिहायला. पेन्सिलीने लिहा म्हणतात. असली कामं मी मागे ठेवत नाही. लगेच बसून लिहून टाकलं, एस्को कांगास, भाऊ, पत्ता, फोन नंबर, सगळं सुवाच्य.

मग लक्षात आलं.

अख्खी बॅग उपसली. अॅडॅप्टर आहेत, गोळ्या आहेत, उशी आहे, शिट्टी बाहेरच्या कप्प्यात आहे. कॉफीचे सहाही डबे आहेत.

खोडरबर नाही.