मागची शिडी

तोरोबाको,
बुधवार, १४ ऑगस्ट

लाडक्या सुदिर, ताईचा सलाम.

आम्ही ठीक आहोत, तूही असशील. फोन करून विचारलं असतं, पण तू तो उचलत नाहीस. म्हणून तुझ्याच हॉटेलात मासळी घालणाऱ्या होडीवाल्याबरोबर ही चिठ्ठी धाडते आहे.

काल तुझे पाहुणे गाव बघून गेले. बिचारे चांगले होते. एका उंच बाईने माझ्या वाळत घातलेल्या सारोंगचे इतके फोटो काढले की मला वाटलं, आता त्याला स्थळ सांगून येतंय. दुसऱ्याने फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं आणि एकदम कठडा धरला. आम्ही समुद्रावर राहतो हे त्याला तेव्हाच कळलं असावं. तू पांढऱ्या सदऱ्यात छान दिसतोस. पोट सुटलंय.

आपल्या घरासमोर तू नेहमीसारखा थांबलास, ओसरीकडे हात केलास आणि त्यांच्या भाषेत बरंच बोललास. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल असणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तू पुढे गेलास.

तुझं आणि बाबांचं जे झालं ते मी उगाळत बसत नाही. तू त्यांची होडी सोडून हॉटेलात लागलास, तेव्हा ते म्हणाले, "आता या घरात यायचं तर परक्यासारखं पुढच्या फळ्यांवरून ये." घरची माणसं स्वयंपाकघराच्या शिडीला होडी बांधून मागून वर येतात, पुढून येतो तो पाहुणा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण रागात बोललेलं कुणी इतकं तंतोतंत पाळतं का? तू पाळलंस. वर दर मंगळवारी आणखी पाहुणे घेऊन आलास. हट्टात तू थेट त्यांच्यावर गेला आहेस.

ओसरीवरच्या म्हाताऱ्याबद्दल मात्र एक सांगायचं आहे. काल त्याने सुई उलटी धरली होती. तुझ्या लक्षात आलं नाही.

टोपी बाबांची होती. टोपीखाली पोंडांग काका होते.

ईदनंतर बाबांची उजवी बाजू गेली. "त्याला कळवलंस तर याद राख," म्हणाले. जीभ जड झाली होती, पण धमकी स्पष्ट होती. त्यानंतरच्या मंगळवारी ओसरी रिकामी होती, आणि तू न थांबता निघून गेलास. बाबा आत भिंतीला लागून पडले होते. त्या दिवशी त्यांनी कासुआमीचा घास तोंडात घेतला नाही. संध्याकाळी म्हणाले, "पोंडांगला बोलाव. माझी टोपी दे त्याला."

काका म्हणाले, "अरे, मी होड्या बांधणारा माणूस. जाळ्यात मीच अडकेन."

"अडक. पण मान खाली घालून अडक."

"आणि पोराने ओळखलं तर?"

"ओळखलं तर बरंच की," बाबा म्हणाले.

तेव्हापासून हेच चाललंय. तू बाहेर बोलतोस, बाबा आत डोळे मिटून ऐकतात. तू गेलास की विचारतात, "काय म्हणाला गं?" मला ती भाषा कुठली यायला. मी काहीतरी ठोकून देते: म्हणाला, या हातांनी अख्ख्या गावाची जाळी विणली. काल त्यांनी तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "पोंडांगच्या तोंडाकडे तो एकदाही बघत नाही का?"

मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतं त्याच्या.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला मागच्या शिडीची कुजलेली पायरी बदलायला लावली. होडी विकून टाकलेल्या घराला शिडी कशाला, मी विचारलं. "मजबूत बसव," म्हणाले. "त्याचं वजन वाढलंय म्हणतेस ना."

येत्या मंगळवारी मी काकांना बसवणार नाही. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. ओसरी रिकामी दिसेल. पाहुण्यांना शेजारची सुकी मासळी बघायला सोड आणि तू हॉटेलची होडी वळवून मागे ये. पाणी चढलेलं असेल, होडी शिडीपर्यंत येते.

येणार नसशील, तर त्या दिवशी तू काय म्हणालास म्हणून सांगायचं, तेवढं लिहून पाठव. मला आता नवीन काही सुचत नाही.

भिंतीच्या आतून,
तुझी रोहानी ताई